पाणी किती उतरलं?

पत्र, थोडक्यात : हातकणंगले तालुक्यातल्या माळावरच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय. गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष आहेत. २०१९ च्या पुरात नदीकाठच्या दोन गावांतली ४०० च्या आसपास माणसं आणि दीडशेभर जनावरं त्यांच्या गावात आली. शाळेत राहिली, मंगल कार्यालयात राहिली, काही घरोघरी. पहिले चार दिवस गावानं 'पावणं आल्यात' म्हणून हौसेनं केलं. मग नदीवरच्या योजनेतून भरणारी टाकी कोरडी पडली, शाळेच्या चारही संडासांची दारं मोडली, पोरांची शाळा बुडाली, मंडळाची दोन पातेली गेली. 'कवा जाणार हाईत हे?' असं लोक उघड बोलायला लागले. कुणी म्हणालं, गायरानात कायमचे बसतील. वस्तीतल्या लोकांची सोय समाजमंदिरात वेगळी केल्यामुळं तिथं कटकट नव्हती, असंही त्या लिहितात. २०२१ ला पुन्हा तेच, वर कोरोनाची भीती. आता तलाठी सांगून गेलेत, की यंदा निवारा केंद्रासाठी गावाचं नाव द्यायचंय, ग्रामसभेत ठराव करा. गावात दोन तट पडलेत. ताईंना बचत गटाच्या वतीनं बोलायचंय. 'नाही म्हणावं तर मन खातं, हो म्हणावं तर पोटात गोळा येतो.' आणि शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं : २०१९ ला शिरोळ तालुक्यातल्या नणंदेचं सगळं घर त्यांच्याकडं १९ दिवस होतं. जीव तोडून केलं. दोन वर्षांनी पूर आला तेव्हा नणंद आली नाही, छावणीत राहिली. कारण विचारलं तर म्हणाली, 'वहिनी, तू रोज सकाळी चहा देताना विचारायचीस, पाणी किती उतरलं?'

ताई,

पत्र आठ पानी आणि मुद्दा शेवटच्या चार ओळींत. मला येणारी बरीच पत्रं अशीच असतात, त्यामुळं आताशा मी मागून वाचायला सुरुवात करते.

'पाणी किती उतरलं?' पंचगंगेच्या खोऱ्यात ऑगस्ट महिन्यात याच्याहून साधा प्रश्न नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तुम्ही काळजीनं विचारलंत, त्यांना 'कधी जाणार?' असं ऐकू आलं. तुमची बाजू घेऊन 'त्यांचा गैरसमज झाला' असं मी म्हणू शकले असते, पण म्हणत नाही. पंधराव्या दिवशी, घरात नऊ-दहा माणसं, एक मोरी आणि ओल्या कपड्यांचा वास असताना त्या प्रश्नात काळजी आणि 'कधी जाणार' दोन्ही मिसळलेलं असणार. माझ्याही प्रश्नात असतं. तुम्ही वाईट आहात म्हणून ते आलं नाही. एकोणीस दिवस कुणी पाहुणा राहत नसतो आणि कुणी यजमान राहू शकत नाही, एवढंच त्याचं कारण.

तुमच्या पत्रात 'पावणं' हा शब्द मी मोजला. अकरा वेळा आलाय. माझं सगळं म्हणणं त्या शब्दापाशी आहे.

पाहुणचाराचे आपले नियम ठरलेले आहेत. पाहुण्यानं कामाला हात लावायचा नाही, ताटात पडेल ते खायचं, अडचण सांगायची नाही. यजमानानं दमलो म्हणायचं नाही, खर्च काढायचा नाही, जाण्याचं विचारायचं नाही. उलट निघताना 'थांबा की वो अजून दोन दिस' म्हणायचं. हे म्हणता येतं, कारण पाहुणा जाणार हे दोघांनाही माहीत असतं. पुरातून आलेल्याला जायची तारीखच माहीत नसते. आपली नदी चढते रात्रीत आणि उतरते इंचाइंचानं. २०१९ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला त्याहून थोडी जास्तच, आणि दोन्ही वेळा ती खाली यायला लागल्यावर लोक 'आज दोन इंच, आज तीन इंच' मोजत बसले होते. अशा माणसाला पाहुणा म्हटलं, की त्याला रिकामं बसावं लागतं आणि तुम्हाला हसतमुख राहावं लागतं. चार दिवस जमतं. मग तो 'आयतं खातो' ठरतो आणि तुम्ही 'तोंडावर गोड' ठरता.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००५ च्या जुलैत मी शिकवत होते त्या शाळेत पूरग्रस्त आले. आम्ही शिक्षिकांनी ठरवलं, ही माणसं आधीच खचलीत, यांना काही करू द्यायचं नाही. चार दिवस आमटी-भात, आमटी-भात. पाचव्या दिवशी भात उरायला लागला, आणि स्टाफरूममध्ये सुरू झालं, 'फुकटचं मिळतंय ना, म्हणून माज.' हे वाक्य मी स्वतः बोललेय, म्हणून आठवतंय. त्याच दुपारी एक म्हातारी दाराशी येऊन उभी राहिली. 'बाई, पीठ हाय काय? आन् तवा?' मी ओरडेन अशी तिला भीती होती, तिचा अर्धा पाय दाराबाहेरच होता. संध्याकाळी शाळेमागं तीन चुली पेटल्या. भाकरी पोटात गेल्याशिवाय आपल्याकडच्या माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही, हे मला पाच दिवस सुचलं नव्हतं. मी स्वतः भाकरीवर वाढलेली. 'पूरग्रस्त' म्हटल्यावर मी त्यांना आपल्यासारखं धरायचंच विसरले होते. त्यानंतर भांडणं थांबली असं नाही. पीठ कुणी जास्त घेतलं यावरून झाली. पण ती शेजाऱ्यांची भांडणं होती. 'ते' आणि 'आपण' अशी नव्हती.

आता तुमच्या गावाच्या तक्रारी घेते. काही खऱ्या आहेत, काहींत आरोपी चुकलाय.

टाकीचं पाणी 'त्यांनी संपवलं' असं गाव म्हणतं. तुमची योजना नदीवरची, हे तुम्हीच लिहिलंय. महापुरात नदीकाठचे जॅकवेल (नदीचं पाणी उपसायच्या विहिरी) आणि पंप पाण्याखाली जातात, वीज तोडावी लागते. २०१९ ला कोल्हापूर शहराचाच पाणीपुरवठा बंद पडला होता. नदी गल्लीत आणि नळ कोरडा. ते ४०० जण आलेच नसते, तरी तुमची टाकी रिकामी झाली असती, फार तर दोन दिवस उशिरा. बाजारात भाजी मिळेना, पेट्रोल मिळेना, तेही महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेल्यामुळं. टंचाई पुराची होती. पण पूर समोर दिसत नव्हता, पूरग्रस्त दिसत होते. म्हणून ग्रामसभेत पहिला विषय काढाल तो गावातल्या जुन्या विहिरी आणि बोअरचा. कोणती चालू आहे, पाणी तपासलंय का, वीज नसताना उपसायला जनरेटर कुठून येणार. माणसं येवोत न येवोत, हे तुमच्या स्वतःच्या घागरीसाठी लागणार आहे.

संडासाची दारं. ताई, ४०० माणसं, ४ संडास. म्हणजे एकाला १००. दारं मोडली नसती तर नवल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं मदत छावण्यांसाठी किमान निकष ठरवून दिलेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे आहेत, कुणाची मेहेरबानी नव्हे. त्यात ३० माणसांमागं एक संडास सांगितलाय, बायका-मुलांसाठी संडास-न्हाणीची जागा वेगळी. दर माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ लिटर पाणी, वापरायचं वेगळं. मोठ्या माणसाला २,४०० उष्मांक मिळतील एवढं जेवण.

हा साडेतीन मीटरचा आकडा घेऊन ग्रामसभेत जा. साडेतीन चौरस मीटर म्हणजे जवळपास ३८ चौरस फूट. एक माणूस, त्याचं अंथरूण आणि उशाशी एक गाठोडं. शाळेची खोली २० बाय २० फुटांची असेल तर तीत दहा माणसं बसतात. सहा खोल्यांत ६०. मंगल कार्यालय ४० बाय ६० फुटांचं धरलं, तर तिथं ६० च्या आसपास. गावाला हे पटणार नाही, कारण तिथं ५०० माणसांची लग्नं झालीत. पण लग्नाला माणूस दोन तास बसतो. निवाऱ्यात तो झोपतो, कपडे बदलतो, लेकराला पाजतो, आणि रात्री दोन वाजता म्हाताऱ्या आईला उठवून बाहेर नेतो. तर खोल्यांच्या हिशेबानं १२०. संडासाच्या हिशेबानं चार गुणिले तीस, पुन्हा १२०.

म्हणजे तुमच्या गावाची ताकद १२० माणसांची होती आणि तुम्ही ४०० घेतली होती. इतकी वर्षं तुम्ही 'आमचं गाव कोत्या मनाचं निघालं' असं म्हणत आलात. मन कोतं नव्हतं हो, जागा कोती होती.

म्हणून 'हो की नाही' असा ठराव मांडूच नका. नाही म्हणून तसा उपयोगही नाही. ठराव झाला नाही म्हणून नदी दुसऱ्या गावाला जात नाही, आणि रात्री ट्रॅक्टरमधून चिखलात माखलेली माणसं उतरली, की तुमच्या गावात कुणीही त्यांना परत पाठवणार नाही. ती येणारच; फरक इतकाच, की तांदूळ, टँकर आणि डॉक्टर यांची सोय झालेली नसताना येतील. ठरावात आकडा लिहा : अमुक इतक्या माणसांची आणि इतक्या जनावरांची सोय हे गाव करू शकतं. जास्त घ्यायची असतील तर इतके तात्पुरते संडास आणि इतके टँकर शासनानं आधी द्यावेत. रात्री दारात आलेल्याला आत घ्यायचंच, पण सकाळी आकडा तहसील कार्यालयाला कळवायचा आणि वरच्या माणसांची दुसरी सोय लेखी मागायची. जूनमध्ये हा आकडा हातात असला, तर तहसीलदारांना उरलेल्या २८० माणसांसाठी दुसरी गावं, कॉलेजं, कार्यालयं बघता येतात. ऑगस्टमध्ये सगळ्यांचे फोन लागेनासे झालेले असतात.

खर्चाचंही तसंच. केंद्र अधिकृत जाहीर झालं, तर तिथल्या जेवणा-पाण्याचा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून होऊ शकतो. तोंडी सांगण्यावर सुरू झालं तर तो वर्गणीतून होतो आणि वर्गणी आठव्या दिवशी आटते. त्यामुळं तलाठ्यांकडून नुसता निरोप घेऊ नका, आदेशाची प्रत मागा. मंडळींना हे रुचणार नाही. 'माणुसकीचा कागद करायचा काय?' असं कुणीतरी माईकवर म्हणेल आणि टाळ्या घेईल.

त्याला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट सांगा. कोल्हापूर संस्थानात १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत रशियानं सैबेरियाकडं हाकलून दिलेली, तिथून इराणमार्गे आपल्या पंचगंगेकाठी आलेली. महावीर उद्यानात त्यांची आठवण म्हणून स्मारक आहे, तिथं आपण कोल्हापूरकर 'बघा, आम्ही जगाला आसरा दिला' म्हणून छाती फुगवतो. फुगवावी. पण ती वसाहत पाच वर्षं टिकली ती नुसत्या दिलदारीवर टिकली नाही. खर्चाची जबाबदारी सुरुवातीला लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारनं घेतलेली होती. आणि आत शिरलात तर ती माणसं कुणाची पाहुणी म्हणून बसलेली नव्हती : त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती, पोरांची स्काउट पथकं होती, सगळं त्यांचं ते चालवत होते. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं, आजची कापडाची मोठी बाजारपेठ. ज्यांना तुमच्या गावात 'कायमचे बसतील' याची भीती वाटते, त्यांच्या घरच्या लग्नाचा बस्ता कुठून येतो तेही विचारा.

तशीही ती भीती आपल्या पुरापुरती उलटी आहे. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीसाठी १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या, पण गाव काही तिकडं सगळंच गेलं नाही. शेत, गोठा, नदी सोडवत नाही. पूरग्रस्त माणूस उतावीळपणे परत जातो, नको तितक्या लवकर जातो, ही खरी अडचण आहे. त्याबद्दल पुढं सांगते.

आधी तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल. तो कशाचा आहे हे तुम्ही लिहिलं नाही, पण पत्रभर दिसतोय. २०१९ ला तुमच्या बचत गटाच्या बायका पहाटे चारला चुलीपाशी बसल्या आणि रात्री अकराला उठल्या. मंडळाच्या पोरांनी पहिल्या दिवशी तांदळाची पोती उतरवतानाचे फोटो काढले. ठरावाला हात वर करणारे वेगळे आणि ठराव निभावणारे वेगळे, असं गावागावांत चालतं. म्हणून कामाची यादी ठरावालाच जोडायला लावा. स्वयंपाक येणाऱ्या गावच्या बायका आणि तुमच्या गटाच्या बायका मिळून करतील, पाळ्या लावून, आणि त्यांच्या वाटचं पीठ-मीठ-सरपण सरळ त्यांच्या ताब्यात देऊन. पाणी, जळण, रात्रीची गस्त मंडळाकडं आणि येणाऱ्या गावच्या तरुणांकडं. मालाची नोंद एका वहीत, ती वही दोन्ही गावांच्या एकेका बाईकडं, आणि काय आलं-काय संपलं ते रोज शाळेच्या फळ्यावर. (पातेल्यांचा शोध असा लागतो. तसं म्हटलं तर लग्नाच्या पंगतीतूनही पातेली जातात, तेव्हा आपण अख्ख्या वऱ्हाडाला चोर म्हणत नाही.) जुने कपडे कुणी पाठवले तर नम्रपणे नको म्हणा. २०१९ ला नको असलेल्या कपड्यांचे ढीग उचलायलाच माणसं लागली होती.

आणि संडास कोण धुणार, हेही त्याच यादीत नावानिशी आणि मजुरीसकट लिहा. लिहिलं नाही तर ते काम कुणाच्या गळ्यात पडतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

इथं मला तुमच्या एका वाक्यावर थांबायचंय. 'वस्तीतल्या लोकांची सोय वेगळी केल्यामुळं तिथं कटकट नव्हती.' वेगळी कुणी केली, ताई? त्यांनी मागितली होती? कटकट नव्हती, का ती ऐकायला तिकडं कुणी गेलं नव्हतं? तिथं टँकर कितव्या दिवशी पोचला, गॅसची शेगडी होती का, समाजमंदिराला संडास होता का, यातलं एकही तुमच्या पत्रात नाही, आणि शाळेतल्या चारही दारांचा हिशेब आहे. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. रूढ होतं, झालं. पण गंगाराम कांबळे या दलित माणसाच्या हॉटेलात जाऊन चहा पिणाऱ्या शाहू महाराजांचा हा जिल्हा आहे. पुराच्या पाण्यातून आलेल्यांच्या पंगती वेगळ्या बसवून आपल्याला त्यांचं नाव घेता येणार नाही. या खेपेला कोण कुठं राहणार हे येणाऱ्या गावच्या समितीनं ठरवावं, त्या समितीत वस्तीतली माणसं असावीत, आणि तुम्ही स्वतः पहिल्या संध्याकाळी समाजमंदिरात जाऊन जेवावं.

जनावरांचं बोलल्याशिवाय आपल्याकडच्या पुराचं बोलणं पुरं होत नाही. २०१९ ला कितीतरी माणसं वेळेत बाहेर पडली नाहीत ती म्हशीला सोडून जाववेना म्हणून. म्हणजे जनावरांची सोय पक्की असेल, तर माणसं एक दिवस आधी निघतात आणि होडीची वेळ येत नाही. तेव्हा उंचावरची निचऱ्याची जागा आत्ताच ठरवा, शाळेपासून लांब. गावातली जनावरं आणि आलेली जनावरं एका दावणीला, एका हौदावर नकोत. लाळ्या-खुरकूत अशीच पसरते. घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी दोन्ही गावांत टोचून घ्यायला पशुवैद्यकीय दवाखान्याला सांगा. कडब्याचा अंदाज करा. ओला चारा पाण्याखाली असतो आणि उसाचं वाडं तोडायला शेतात जाता येत नाही.

आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, गावाला किरकोळ वाटेल. आलेल्यांच्या म्हशी दूध देतच असतात. ते दूध तुमच्या गावच्या दूध संस्थेनं तात्पुरतं खातं उघडून घ्यावं, रस्ते चालू असतील तितके दिवस. रस्ते बंद झाले तर तेच दूध केंद्रातल्या मुलांना, पण नोंद करून, मोल लावून. म्हणजे आठवड्याच्या शेवटी त्या घरात स्वतःचे चार पैसे येतात. तुमच्या किराणा दुकानात तो माणूस मग 'द्या' म्हणत येत नाही, 'किती झाले?' म्हणत येतो. चाल बदलते हो माणसाची.

शाळेबद्दलची तक्रार मात्र सोळा आणे खरी. माळावरच्या पोरांनी काय घोडं मारलंय? आधी मंगल कार्यालय भरा, शाळेच्या खोल्या शेवटी घ्या, रिकाम्या करताना पहिल्या करा, आणि वर्ग देवळाच्या मंडपात भरवायची वेळ आली तर आलेल्या गावची पोरंही त्याच वर्गात बसू देत. शिक्षक दोन्ही गावांचे असतातच.

आता जाण्याबद्दल. 'पाणी उतरलं तरी बसून राहिले' असं तुमच्या गावानं म्हटलं. पाणी उतरणं आणि घर राहण्याजोगं होणं यांत बरेच दिवस जातात. गुडघाभर गाळ, त्यात साप-विंचू, मातीच्या भिंती भिजून फुगलेल्या. अशा भिंती पुरात टिकल्या तरी ऊन पडल्यावर पडू शकतात. विजेचं कनेक्शन तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही. गाळात अनवाणी काम करून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून गमबूट हवेत, आणि ताप आला की लगेच आरोग्य केंद्र गाठायचं. पंचनामा व्हायच्या आधी सगळं धुऊन-पुसून टाकलं तर भरपाईला दाखवायला काही उरत नाही. फोटो आधी, झाडू मग. म्हणून परत जाणं टप्प्यानं ठरवा. पहिले काही दिवस धडधाकट माणसं सकाळी जाऊन साफसफाई करतील आणि रात्री केंद्रावर झोपायला येतील. म्हातारी, बाळंतिणी, लहान मुलं सगळ्यात शेवटी हलतील. तुमच्या गावची एक ट्रॅक्टर-ट्रॉली आणि दहा फावडी त्यांच्यासोबत गेली, तर चार दिवस वाचतात. आणि केंद्र कधी बंद होणार ते दोन्ही गावांनी मिळून, दर रविवारी एकत्र बसून ठरवायचं. ती बैठक ठरलेली असली, की इतर सहा दिवस कुणी कुणाला 'कवा जाणार?' विचारत नाही, आणि विचारलं तरी लागत नाही.

हे सगळं पूर आल्यावर सुचत नाही. कोणतं गाव तुमच्याकडं येणार हे तहसीलला विचारून घ्या, आणि जूनमध्येच त्यांचे पाच-सात जण, निम्म्या बायका, तुमच्या ग्रामसभेला बोलवा. त्यांनी मंगल कार्यालय आधी बघू द्या. जनावरांची जागा त्यांनाच पसंत करू द्या. वाचणाऱ्या इतर गावांनाही माझं हेच सांगणं आहे, मग ते गाव माळावरचं असो की नदीकाठचं. नदीकाठच्यांनी तर आपणहून विचारावं, की आम्ही येताना काय काय आणू.

राहिली तुमची नणंद.

२०२१ ला त्या छावणीत राहिल्या हे तुम्हाला लागलंय. त्यांच्या बाजूनं बघितलं, तर तिथं त्यांना कुणी सकाळी चहा देत नव्हतं, पण रांगेत उभं राहून त्या स्वतः घेत होत्या. भावजयीच्या स्वयंपाकघरात एकोणीस दिवस पाटावर बसून राहण्यापेक्षा त्यांना ते सोपं गेलं असेल. आणि माहेर, ताई. मुलीला माहेरी सणाला यायची सवय असते, आसऱ्याला यायची नसते. नवरा आणि सासू सोबत घेऊन आलेली बाई तिथं दर घासाला दोन्हीकडचं बघत असते.

त्यांना फोन करून त्या वाक्याचा खुलासा करू नका. 'माझ्या मनात तसं नव्हतं' म्हटलं की त्यांना 'व्हय, व्हय, मला म्हाईत हाय' म्हणावं लागेल आणि विषय आणखी घट्ट बसेल. त्याऐवजी या पंधरवड्यात एक दिवस त्यांच्या गावी जा, यजमानांना घेऊन. पूर यायच्या आधी, त्यांच्या घरात, त्यांच्या हातचा चहा प्या. आणि जागेवरच विचारा, यंदा तसं काही झालं तर काय काय हलवायचं आणि कुठं ठेवायचं. सातबारा, रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, मुलांचे दाखले, सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तुमच्यासोबत द्यायला सांगा. एखादी पेटी द्यायची असेल तर तीही. वरच्या माळ्यावर त्यांच्यासाठी एक कोपरा रिकामा करा, आणि तुमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडं ठेवून या. आलात तर दुसरी चूल लावायची का एकत्रच करायचं, हेही तिथंच विचारून घ्या.

तुमची आमची चूल एकच, असं त्या म्हणाल्या, तर संध्याकाळच्या भाकरी त्यांनी करायच्या हे तेव्हाच ठरवून टाका. तुम्ही लिहिलंयत, त्यांच्या हातची भाकरी तुमच्यापेक्षा पातळ होते.